इशारा निघाला, पण कोणापर्यंत पोचला?

जून लागला की कोकणात मोबाइलवर एक वाक्य फिरायला लागतं : "रायगड, रत्नागिरीला रेड अलर्ट." मग पाऊस येतो, कुठे बाजारपेठेत पाणी भरतं, कुठे दरड येते. दुसऱ्या दिवशी गावातले लोक म्हणतात, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." कार्यालयातून उत्तर येतं, "इशारा आदल्या दिवशीच दिला होता." बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. इशारा निघालेला असतो, पण तो ज्या वाटेने गेला त्या वाटेवर हे लोक नसतात.

अंदाज किती अचूक होता हा वेगळा विषय आहे. या लेखात एवढंच पाहायचं आहे की अंदाज बरोबर असतानाही तो योग्य माणसाला, वेळेत, आणि त्याला काही हालचाल करता येईल अशा रीतीने कसा सांगायचा. कोकणात हा प्रश्न जास्त अवघड होतो. एकाच तालुक्यात खोल समुद्रातली बोट असते, खाडीकाठची बाजारपेठ असते आणि डोंगरउतारावरची, जिथे गाडीही जात नाही अशी वाडीही असते.

आधी रंग समजून घेऊ

भारतीय हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. पावसाचेही वर्ग ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. चक्रीवादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने येतात : साधारण ७२ तास आधी पहिली जाणीव, ४८ तास आधी सतर्कतेची सूचना, २४ तास आधी पक्का इशारा आणि १२ तास आधीपासून वादळ जमिनीवर आल्यावर कुठे जाईल याचा अंदाज.

जिल्हाधिकारी कार्यालय, बंदर खातं, पाटबंधारे, महावितरण यांना कामाला लावण्यासाठी ही भाषा चोख आहे. मात्र तोच मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला की अडचण सुरू होते.

एकच मजकूर, तीन माणसं

पावसाळ्यात येणारं एक नेहमीचं वाक्य घ्या : "जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी मध्यम, तर तुरळक ठिकाणी अति मुसळधार ते अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता." हवामानाच्या हिशोबात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. आता हे वाक्य तीन जणांपर्यंत पोचलं असं धरू.

पहिला चिपळूणच्या बाजारपेठेतला दुकानदार. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी तिथल्या तळमजल्यांत शिरलं, ते त्याने पाहिलेलं आहे. त्याला मिलिमीटरशी घेणंदेणं नाही. नदीची पातळी आत्ता किती आहे, धरणातून पाणी सोडणार आहेत का आणि भरती किती वाजता आहे, हे त्याला हवं. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, आणि भरतीच्या वेळी पुराचं पाणी उतरायला वाट राहत नाही. हा माणूस जागा आहे, हातात फोन आहे, रेंज आहे. त्याला आकडे आणि वेळा पुन्हा पुन्हा पाहायच्या आहेत. त्याच्यासाठी लेखी संदेशच उत्तम : "भरती रात्री अमुक वाजता. त्याआधी माल वरच्या मजल्यावर घ्या. गाड्या उंचावर लावा."

दुसरी, डोंगराच्या कुशीतली वाडी. चिपळूण बुडालं त्याच दिवशी संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे जायला गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेले लोक डोंगर चढून वर पोचले. अशा वाडीला आकडे सांगून काही होत नाही. सांगायचं असतं ते एकच : आज रात्री घरात झोपू नका. पण या एका वाक्यामागे दहा प्रश्न येतात. पोलीस पाटील दारात उभे राहून म्हणतात, "काकी, अंधार पडायच्या आत शाळेत चला." काकी विचारतात, "आणि गुरांचं काय करू?" म्हातारा अंथरुणाला खिळलेला, त्याला उचलणार कोण? मागच्या वर्षीही बोलावलं होतं आणि काहीच झालं नाही, मग आज कशाला? या प्रश्नांना मोबाइलचा संदेश उत्तर देत नाही. दारातला माणूस म्हणतो, "गुरांची दावी सोडून द्या, आबांना आम्ही चौघं डोलीतून नेतो," आणि मग काकी पिशवी भरायला घेतात.

तिसरा समुद्रातला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याला हवा असतो वारा : कोणत्या दिशेने, किती जोराचा, लाटा किती उंच, किती वाजेपर्यंत आणि आसऱ्याला जवळचं बंदर कोणतं. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढे गेलं की मोबाइलची रेंज संपते. म्हणजे वरच्या दोघांसाठी वापरलेली दोन्ही साधनं त्याच्यासाठी निकामी.

माध्यम 'समृद्ध' असतं म्हणजे काय?

रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात एक कल्पना मांडली, तिला माध्यमाची समृद्धी म्हणतात. ज्या माध्यमात समोरचा लगेच उलट विचारू शकतो, चेहरा आणि आवाजही काही सांगतात आणि बोलणं त्या एका माणसाला धरून असतं, ते समृद्ध. समोरासमोरचं बोलणं सगळ्यांत समृद्ध, त्याखाली फोन, त्याखाली व्यक्तीला उद्देशून लिहिलेलं पत्र, आणि तळाला सगळ्यांसाठी काढलेलं छापील पत्रक. त्यांचं म्हणणं असं नव्हतं की समृद्ध ते नेहमी चांगलं. मजकूर स्पष्ट असेल, त्यात शंका उरत नसतील, तर साधं माध्यमच बरं, कारण ते वेगाने जातं आणि चुकत नाही. मजकुराचे दोन अर्थ निघत असतील किंवा ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायला जड जाणार असेल, तर समृद्ध माध्यम लागतं.

ही मांडणी त्यांनी संस्थांमधल्या कामकाजासाठी केली होती. किनाऱ्यावर ती वापरताना मला तिच्यात तीन प्रश्न घालावेसे वाटतात. माणूस आत्ता कुठे आहे, आणि तिथे वीज-रेंज आहे का? तो जागा आहे की झोपलेला? आणि तो कोणाचं ऐकतो? यातला शेवटचा सगळ्यांत कमी विचारला जातो, पण त्याचं वजन सगळ्यांत जास्त. आपत्तीतल्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे की इशारा ऐकल्यावर माणूस लगेच निघत नाही. तो आधी खात्री करतो : शेजारी काय करतायत ते पाहतो, कोणाला तरी फोन लावतो, दुसऱ्या ठिकाणी तेच ऐकायला मिळतं का याचा शोध घेतो. याला हट्टीपणा म्हणू नये. घर सोडणं ही मोठी गोष्ट आहे, खात्री केल्याशिवाय कोणी सोडत नाही. म्हणून इशारा देणाऱ्याने दुसरा विश्वासाचा आवाज आधीच तयार ठेवायचा असतो.

कोकणात तो आवाज अनेकदा मुंबईत असतो. गावोगावची मंडळं मुंबई-ठाण्यात आहेत, चाकरमान्यांचे फोन रोज गावात येतात. कार्यालयाच्या संदेशाने जी आई हलत नाही, ती "आई, आजची रात्र शाळेत जा, मी सकाळी फोन करतो" एवढ्यावर उठते. मुंबईच्या मंडळाला इशारा त्याच वेळी कळवणं हे गावाला इशारा देण्याचंच काम आहे, आणि त्याला एक पैचाही खर्च नाही.

फोन अचानक किंचाळतो तो प्रकार

२०२३ मध्ये देशभर चाचण्या झाल्या तेव्हा अनेकांचे फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर सूचना झळकली. लोक घाबरले होते. या पद्धतीचं नाव सेल ब्रॉडकास्ट, आणि साध्या एसएमएसपेक्षा ती मुळातच वेगळी आहे.

एसएमएस हा पोस्टमनसारखा : प्रत्येक पत्त्यावर वेगळा जातो, यादीत नंबर नसेल तर जात नाही, आणि एकदम लाखभर पत्रं आली की थैली तुंबते. सेल ब्रॉडकास्ट हा देवळाच्या किंवा मशिदीच्या कर्ण्यासारखा : आवाज जिथवर जातो तिथवर जो असेल त्याने ऐकलं. ठरावीक भागातले मोबाइल टॉवर एकच संदेश हवेत सोडतात आणि त्या टॉवरखालचे फोन तो उचलतात. नंबर माहीत असावा लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो अडत नाही. गणपतीपुळ्याला आलेल्या कोल्हापूरच्या पर्यटकालाही तो मिळतो, आणि रत्नागिरीचा माणूस त्या दिवशी पुण्यात असेल तर त्याला उगाच मिळत नाही.

झोपलेल्या माणसाला जागं करायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. फोन बंद असेल, रेंज नसेल तर काहीच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना बंद केलेल्या असतील तर काहीच नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांचे फोन एकदा उघडून ते पाहून ठेवावं. आणि उलट काही विचारायची सोय नाही. कर्णा जागं करतो, काकींना शाळेत नेत नाही.

समुद्रातल्या माणसाला कसं सांगायचं?

बंदरावर बावटा लागतो हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. "तीन नंबरचा बावटा लागला" असं म्हटलं की होड्या बाहेर पडत नाहीत. भारतात असे अकरा क्रमांक आहेत. दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकाराच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, तीन आणि चार म्हणजे बंदरालाच त्रास होणार, पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरावा क्रमांक मला या साऱ्या यंत्रणेतला सगळ्यांत शहाणा वाटतो. हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे आणि धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला वाटतं, एवढंच तो सांगतो. संपर्क तुटणं हीसुद्धा सांगायची गोष्ट आहे, हे ही पद्धत आखणाऱ्यांनी ओळखलं होतं.

पण बावटा बंदरात असलेल्याला दिसतो. जो आधीच बाहेर गेला आहे त्याचं काय? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं ते ऐन मासेमारीच्या हंगामात. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी वाहत, भरकटत सिंधुदुर्गात देवगडला आल्या. त्यांतले बरेचसे मच्छीमार वादळाची खबर लागण्याआधीच खोल समुद्रात गेलेले होते. त्यानंतर उपग्रहावरून संदेश देण्याच्या कामाला वेग आला.

आज तांडेलापर्यंत जायच्या वाटा तीन. पहिली वायरलेस, म्हणजे बोटीवरचा व्हीएचएफ संच. तो साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंत चालतो, पण एका बोटीने दुसरीला, दुसरीने तिसरीला असं करत खबर पुष्कळ आत जाते. शिवाय बोलणारा ओळखीचा असतो, उलट विचारता येतं. दुसरी जेमिनी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, ते उपग्रहावरून बोटीवरच्या एका लहान खोक्यात उतरतात आणि ब्लूटूथने मोबाइलमधल्या अ‍ॅपवर दिसतात. किनाऱ्यापासून कितीही आत चालतं, पण एकेरी आहे. तांडेलाला उलट बोलता येत नाही. तिसरी वाट इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपाँडरची, म्हणजे उपग्रहावरून संदेश घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या यंत्राची, आणि ती दुहेरी आहे. बोटीवरून "अडचणीत आहोत" असं कळवताही येतं. देशभरातल्या एक लाख बोटींवर हे बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली.

माझं मत विचाराल तर या तिन्हींत वायरलेसवरचा ओळखीचा आवाज अजूनही पहिला. उपग्रह खबर आणतो. मात्र जाळं अर्ध्यावर ओढून, डिझेलचा खर्च अंगावर घेऊन परत फिरायचं का, हे तांडेल दुसऱ्या तांडेलाशी बोलूनच ठरवतो.

नेटवर्कच गेलं तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. त्याचा अंदाज आधीच दिलेला होता, लोकांना हलवलंही होतं. खरी परीक्षा वादळ गेल्यावर सुरू झाली. विजेचे खांब आडवे, रस्त्यावर झाडं, मोबाइल बंद. वीज गेल्यावर टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग जनरेटरला डिझेल लागतं, आणि रस्ता बंद असल्याने ते पोचत नाही. मदत कुठे मिळते, दवाखाना कुठे सुरू आहे, पाणी प्यायचं का, हे सगळं सांगायचं होतं तेव्हाच सांगायचं साधन नव्हतं.

अशा वेळी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर कामाला येतो. रेडिओ केंद्र शंभर किलोमीटरवर असलं तरी चालतं, आपल्या गावातला टॉवर उभा असण्याची गरज नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरापलीकडेही जातात, एफएम मात्र डोंगराआड अडतं. कोकणच्या खोऱ्यांत हा फरक मोठा आहे. आपल्या वाडीत आकाशवाणीचं कोणतं केंद्र कशावर लागतं, हे पावसाळ्याआधी एकदा लावून पाहावं.

त्यानंतर उरतात पायी जाणारी माणसं : कोतवाल, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, पोलीस पाटील. कोणी कोणत्या घरी जायचं हे नावानिशी ठरलेलं असेल तरच हे माध्यम चालतं. नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

"व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे ना, मग?"

आहे, आणि उपयोगीही आहे. नदीचा फोटो पाठवायला, कोणत्या रस्त्यावर झाड पडलं ते कळवायला, मुंबईच्या मंडळाला जोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण इशाऱ्याचं मुख्य माध्यम म्हणून ते धोक्याचं आहे. एकतर ते इंटरनेटवर चालतं, आणि तेच आधी जातं. दुसरं, फोन रेंजमध्ये आला की सकाळचा संदेश संध्याकाळी येतो आणि तो ताजाच वाटतो. तिसरं, दोन वर्षांपूर्वीचा रेड अलर्ट तारीख कापून पुन्हा फिरतो. ग्रुपवर इशारा टाकायचाच तर तारीख, वेळ आणि तो कधीपर्यंत लागू आहे हे पहिल्या ओळीत लिहावं.

आवाजी संदेशाला मी लेखीपेक्षा वर ठेवीन. ज्यांना वाचायला जमत नाही किंवा बारीक अक्षरं दिसत नाहीत, तेही तो ऐकतात. सरपंचाचा आवाज ओळखू येतो. रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला आणि मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांच्यासाठी त्यांच्यातल्याच एकाकडून नेपाळीत अर्ध्या मिनिटाचा संदेश बोलून घेतला तर तो सगळ्या बागांत आणि बोटींवर जातो. आज बहुतेक ठिकाणी त्यांना मराठीतला कागद मिळतो, किंवा काहीच नाही.

"सारखे इशारे दिले तर लोक ऐकेनासे होतात"

हा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर कमी इशारे देणं हे नाही. तीन दिवस आधीची जाणीव आणि आज रात्री घर सोडा, या दोन्ही गोष्टी एकाच कर्ण्यावरून, एकाच आवाजात सांगितल्या की दुसरीही पहिलीसारखी वाटते. पिवळ्या इशाऱ्याला रेडिओ, फलक आणि ग्रुप पुरे. नारिंगीला ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक. मोबाइलचा भोंगा आणि दारावरची थाप लालसाठी राखून ठेवा. आणि बोलावूनही काही घडलं नाही तर दुसऱ्या दिवशी शाळेतच सगळ्यांसमोर सांगा की पाऊस कुठे सरकला, किती पडला, आणि तरी बोलावणं का बरोबर होतं. हे सांगणारं सहसा कोणी नसतं, आणि विश्वास तिथेच जातो.

"ग्रामपंचायतीला हे झेपेल का?"

यात विकत घ्यायचं फार थोडं आहे. लागते ती यादी : कोणत्या वाडीत कोणतं नेटवर्क चालतं, कोणाकडे ट्रान्झिस्टर आहे, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाच्या दारावर कोण जाणार, मुंबईत कोणाला फोन करायचा. उलट दिशेचे नंबरही त्यावर मोठ्या अक्षरांत हवेत : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२, समुद्रात तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

वाड्यांसाठी ही यादी करायला १ मेची ग्रामसभा सोयीची आहे. चाकरमानी तेव्हा गावात असतात, त्यांचे फोन नंबर तिथेच मिळतात, आणि सुट्टीमुळे शाळा रिकामी असते, तेव्हा तिथे किती माणसं राहू शकतील आणि छप्पर गळतं का हेही पाहून होतं. बोटींसाठी मात्र मे उपयोगाचा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी त्याआधी गावी निघतात आणि परत येतात तेव्हा त्यांतले बरेच नवे असतात. वायरलेस कसा लावायचा, ट्रान्सपाँडरवरचं अडचणीचं बटण कुठलं आणि वारा फिरल्यावर कोणत्या बंदरात शिरायचं, हे त्यांना ऑगस्टमध्ये पहिली फेरी निघण्याआधी, जेटीवर, त्यांच्या भाषेत दाखवावं लागतं.